थांबावं की दाखवावं?

कागलच्या एका ताईंचा प्रश्न: मुलगा दोन वर्षांचा, दहा-बाराच शब्द. सासूबाई म्हणतात, "ह्याचा बाबाबी उशिरा बोललाय, थांब की."

खर्च? थांबायला काहीच नाही. दाखवायचं तर खासगीत दर वेळी फी. अंगणवाडीत मात्र राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची तपासणी मोफत.

धोका मोठा थांबण्यातच. काही मुलं आपोआप बाकीच्यांना गाठतात, हे खरं. पण कोणती, हे घरबसल्या कळत नाही. शिवाय ऐकू कमी येत असेल तर महिने वाया जातात. म्हणून आधी कानाची तपासणी, मोबाइल बाजूला आणि भरपूर गप्पा.

सांगितलेलं समजतं, बोट दाखवतो, शब्द वाढताहेत, दोन शब्द जोडतोही, तर कान तपासून दोन-तीन महिने पाहा. दोन शब्द जोडत नसेल, हाकेला वळत नसेल, तर स्पीच थेरपिस्ट, म्हणजे बोलण्यावर उपचार करणारे तज्ज्ञ, गाठा. येणारे शब्द गेले असतील तर याच आठवड्यात.