ब्रिटानिया, ठाकर की रामा नायक? मुंबईत एकाच दुपारी जेवायचं असेल तर

मुंबईत नावाजलेली खायची ठिकाणं ढीगभर आहेत, पण बाहेरून येणाऱ्याकडे बऱ्याचदा एकच दुपार असते, म्हणून मी इथं तीनच जुनी ठिकाणं घेतेय, तिन्ही दुपारच्या जेवणासाठीच खरी.

नॉनव्हेज खात असाल तर फार विचार करू नका, बॅलार्ड इस्टेटला ब्रिटानिया गाठा. १९२३ सालचं इराणी हॉटेल, उंच छत, जुन्या लाकडी खुर्च्या. तिथं बेरी पुलावच मागवायचा. वरून नुसता भात दिसतो, तळलेला कांदा, काजू आणि त्या बारीक लाल इराणी बेरी, पण चमचा खालपर्यंत घातला की मसालेदार मटण वर येतं आणि त्यात मधेच एखादी बेरी दाताखाली आली की जो आंबटपणा लागतो ना, त्यासाठीच लोक येतात. सोबत सल्ली बोटी, म्हणजे वर तळलेल्या बटाट्याच्या काड्या घातलेलं पारशी मटण, शेवटी कॅरॅमल कस्टर्ड. दोघांत एक पुलाव मागवून बघा आधी, बाकीचं नंतर. चव तशी सौम्य आहे हं, झणझणीत बिर्याणी डोक्यात ठेवून जाल तर हिरमोड होईल.

व्हेजवाल्यांना मात्र खरंच निवड करावी लागते. काळबादेवीतलं ठाकर भोजनालय (१९४५) म्हणजे गुजराती थाळी, गल्लीतून जिना चढून वर जायचं, आणि बसल्याबसल्या फरसाण, भाज्या, गोडसर डाळ, कढी, तूप लावलेले फुलके असं सुरूच होतं, वाढणारे थांबतच नाहीत. हिवाळ्यात उंधियू, उन्हाळ्यात आमरस, त्यामुळे सीझन बघून गेलात तर उत्तमच. माटुंग्याचं रामा नायक (१९४२) एकदम उलट. मध्य रेल्वेच्या माटुंगा स्टेशनला अगदी लागून, केळीच्या पानावर भात, सांबार, रसम, भाज्या, ताक. साधं, हलकं, रोज जेवता येईल असं. ठाकरला जेवल्यावर झोप येते, रामा नायकहून उठून तुम्ही आरामात पुढं शहर फिरू शकता, आणि खिशालाही तेच परवडतं.

माझं मत विचाराल तर वयस्कर आईवडील सोबत असतील, त्यांना जिन्याचा त्रास असेल तर ब्रिटानियाच बरं, तिथं जिना चढावा लागत नाही आणि बेरी पुलाव व्हेजही मिळतो. घरातले सगळे गोडखाऊ असतील तर ठाकर. एकटे असाल, ट्रेनने फिरत असाल तर रामा नायक, आणि मग चालत माटुंग्यातल्याच कॅफे मद्रासला जाऊन फिल्टर कॉफी घ्या, तेवढी जागा पोटात नक्की उरते.

निघायच्या आधी वेळ आणि सुट्टीचा वार तेवढा बघून घ्या, विशेषतः रविवारी, आणि ब्रिटानियाला दुपारीच जा, रात्रीच्या जेवणाचा प्लॅन तिथं करू नका.