झिरपते पेव्हर ब्लॉक: कान्हकाठच्या चौकासाठी घ्यावेत का?

कृष्णपुरा छत्र्यांपासून (होळकरांच्या स्मारकांपासून) राजवाड्यापर्यंतच्या जुन्या इंदुरात कान्ह नदीकाठी चौक करायचा म्हटले की हल्ली झिरपत्या, म्हणजे पावसाचे पाणी खाली उतरू देणाऱ्या, ब्लॉकचे नाव पहिले निघते. घ्यावेत, पण खाली काय भरणार हे आधी ठरवून. चांगला ब्लॉक चुकीच्या भरावावर बसवला तर तो साध्या फरशीपेक्षा वाईट ठरतो.

बाजारात दोन प्रकार मिळतात. एकात ब्लॉकचे काँक्रीटच सच्छिद्र असते, दुसऱ्यात ब्लॉक घट्ट असतो आणि पाणी रुंद सांध्यांतून उतरते. पहिला प्रकार इथे नको. त्याची बारीक छिद्रे धुळीने बुजतात, आणि आत बसलेला गाळ पुरता निघत नाही. दुसऱ्यात सांध्यातली खडी उपसून नवी भरता येते. पायी वावराला 60 मिमी जाडी पुरते, पण कचरागाडी आणि अग्निशमनाचा बंब चौकात येणारच, म्हणून 80 मिमी जाडीचा, एम-40 मजबुतीच्या काँक्रीटचा आणि आयएस 15658 या भारतीय मानकाप्रमाणे तपासलेला ब्लॉक घ्यावा. सांधा 10 मिमीच्या आत हवा, नाहीतर काठी अडकते आणि चाकाची खुर्ची हादरते.

विक्रेते म्हणतात, पाणी थेट जमिनीत मुरेल. माळव्याच्या काळ्या मातीत तसे होत नाही. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, पहिल्या पावसांत ती फुगते, भेगा मिटतात आणि झिरप जवळजवळ थांबते. म्हणून चौकाखालचा खडीचा थर म्हणजे पाणी साठवणारी टाकीच आहे असे धरून आखणी करावी. वरून खाली क्रम असा: ब्लॉक, 50 मिमी बारीक खडी, 300 मिमी धुतलेली 20 ते 40 मिमी खडी, मग विणकाम नसलेले जिओटेक्सटाइल (पाणी जाऊ देणारे, पण माती अडवणारे कापड) आणि त्याखाली माती. अशा खडीत पोकळी सुमारे 40 टक्के असते, म्हणजे 300 मिमी थरात 120 मिमी पाऊस मावतो. शेजारच्या छपरांचे तेवढ्याच क्षेत्राचे पाणी चौकात सोडले, तर तोच थर 60 मिमी पावसात भरतो. छपरांचे पाणी मोजल्याशिवाय जाडी ठरवू नये.

भरलेली टाकी दोन-तीन दिवसांत रिकामी व्हायला हवी. त्यासाठी तळाशी 150 मिमी व्यासाची छिद्रांची नळी, 200 ला 1 उतार. नळीचे तोंड कान्हच्या पुराच्या पातळीखाली राहिले आणि त्याला उलटझडप नसली, तर पुराचा गाळ उलटा आत शिरतो आणि खडी खालून बुजते. मग वरून कितीही सफाई केली तरी उपयोग नाही, सगळे उकरावे लागते. पुढे जाऊन कान्ह क्षिप्रेला मिळते, म्हणून तेल आणि सांडपाणी या नळीत अजिबात येऊ देऊ नये.

छत्र्यांच्या आणि जुन्या वाड्यांच्या पायांपासून 3 मीटर अंतरात झिरपता थर घेऊ नका. तिथे काळ्या पाषाणाची फरशी, बाहेरच्या बाजूला उतार, आणि दोन्हींच्या सीमेवर उभा जलरोधक पडदा. काळी माती पायाजवळ फुगू-आकसू लागली की भिंती तडकतात. नदीत उतरणाऱ्या पायऱ्याही दगडाच्याच असाव्यात. पुराच्या प्रवाहात सांध्यातली खडी आधी वाहून जाते आणि मग ब्लॉक सुटे होतात.

ठेकेदाराकडे लक्ष ठेवायचे ते तीन ठिकाणी. खडीऐवजी मुरूम टाकून दाबला की पोकळीच उरत नाही. सांध्यात 2 ते 5 मिमी खडीच्या जागी क्रशरचा चुरा भरला की पहिल्याच पावसाळ्यात पाणी साचते. आणि कडेला काँक्रीटची घट्ट पट्टी नसली की ब्लॉक सरकत जातात. यांतला मुरूम सर्वांत घातक, कारण वरून काहीच दिसत नाही. खडी उघडी असतानाच टँकरने पाणी सोडून बघावे.

खाण्याच्या गाड्यांखाली हे ब्लॉक मुळीच नकोत. तळणीचे तेल आणि धूळ मिळून सांध्यात चिखलासारखा थर बसतो. गाड्यांसाठी दगडी पट्टा वेगळा ठेवून त्याची मोरी तेल-सापळ्यातून मलवाहिनीला जोडावी. झाडांच्या आळ्यांतली मातीही ब्लॉकपेक्षा खाली हवी, नाहीतर प्रत्येक सरीबरोबर ती सांध्यात येते.

देखभाल महाग नाही, पण नियमित लागते. पावसाळ्याआधी आणि नंतर शोषणाऱ्या यंत्राने झाडणे, निघालेली खडी लगेच भरणे, एवढेच. फक्त फिरत्या ब्रशने झाडले तर धूळ आणखी आत दाबली जाते. तपासणी सोपी आहे: 300 मिमी व्यासाचे कडे पुट्टीने ब्लॉकवर चिकटवा, त्यात 3.6 लिटर पाणी ओता. ते उतरायला 12 मिनिटांपेक्षा जास्त लागली, तर झिरप तासाला सुमारे 250 मिमीच्या खाली गेली आहे आणि सांधे उपसायची वेळ झाली. ही चाचणी आणि तिचा आकडा देखभालीच्या करारात लिहून घ्यावा, म्हणजे बिल मंजूर करताना वाद उरत नाही.