आरओची एएमसी, विश्रामबाग (सांगली): फोन करतात, पण विचारतात काय?

सांगलीत आरओ दुरुस्त करणारे गल्लोगल्ली सापडतात. मशीन बसवल्यावर चार महिन्यांनी स्वतःहून फोन करणारे थोडे, आणि त्यातलेही बहुतेक ‘एएमसी (वर्षाचा देखभाल करार) संपली, रिन्यू करा’ एवढ्यासाठीच. विश्रामबाग भागातलं हे छोटं दुकान उजवं ठरतं ते फोनवरच्या प्रश्नांमुळे.

पहिला प्रश्न ठरलेला: “वहिनी, टाकी भरायला किती वेळ लागतोय?” निम्मं निदान इथेच होतं. ७५ जीपीडीचा मेंब्रेन (क्षार अडवणारा मुख्य फिल्टर) म्हणजे दिवसाला ७५ गॅलन, तासाला साधारण १२ लिटर. घरच्या प्रेशरला दहा धरा, म्हणजे आठ लिटरची टाकी तासाभरात भरायला हवी. दोन तास लागत असतील तर स्पन (गाळ अडवणारा पहिला फिल्टर) चोंदलाय, दाब वाढवणारा बूस्टर पंप कमी पडतोय किंवा मेंब्रेनवर क्षार बसलेत. टाकी वेळेत भरते पण पाणी मचूळ लागतं, तर दुखणं वेगळं: मेंब्रेन गेलाय, त्याची ओ-रिंग नीट बसलेली नाही किंवा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कमी-जास्त करणारा ॲडजस्टर जास्त उघडलाय. दुरुस्तीला येणाऱ्या पोराच्या पिशवीत काय द्यायचं ते उत्तर ऐकूनच ठरतं, त्यामुळे ‘पार्ट आणून उद्या येतो’ हा प्रकार क्वचित.

मशीनच्या बाजूला एक कार्ड चिकटवतात. तारीख, आत येणारा टीडीएस, बाहेर पडणारा टीडीएस, काय बदललं, पुढची भेट कधी. बोअरचं पाणी ९०० आणि बाहेर ७० असेल तर मेंब्रेन ९२ टक्के क्षार अडवतोय, उत्तम. पुढच्या भेटीत १२० दिसले तरी घाई नाही. १८० च्या वर गेले, म्हणजे अडवणं ८० टक्क्यांच्या खाली आलं, की बदलायचा. मात्र हे माप ॲडजस्टर पूर्ण बंद करून मेंब्रेनच्या नळीतूनच घ्यायचं. तो उघडा राहिला की कच्चं पाणी मिसळतं, आकडा चढतो आणि धडधाकट मेंब्रेन ‘गेला’ म्हणून बदलता येतो. या धंद्यातली ही जुनी चलाखी. दुसरी त्याहून जुनी: पाण्यात दोन सळ्या सोडून करंट द्यायचा आणि तांबूस गाळ दाखवून घाबरवायचं. तो रंग सळईच्या लोखंडाचा. आरओच्या पाण्यात क्षार कमी, म्हणून करंट नीट वाहत नाही आणि रंगही चढत नाही. इथली पोरं असले खेळ करत नाहीत.

जूनअखेर गावभाग, खणभागातल्या नळवाल्या गिऱ्हाइकांना वेगळा मेसेज जातो, आणि आमच्या मते हे या दुकानाचं सगळ्यात शहाणपणाचं काम. पावसाळ्यात कृष्णेचं पाणी गढूळ होतं. एरवी चार-सहा महिने चालणारा बाऊलमधला (फिल्टरच्या डब्यातला) स्पन त्या दिवसांत दोन महिन्यांतही तपकिरी पडतो. २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिलेल्या गावाला हे वेगळं सांगायला नको, पण कंपन्यांच्या कॉल सेंटरचं कॅलेंडर सगळ्या गावांना एकच. नळवाल्यांच्या कार्बन फिल्टरमागेही हे लोक लागतात, ते बरोबरच. क्लोरीन अडवणारा हा कार्बन संपला की क्लोरीन थेट मेंब्रेनवर जातं आणि दोन-तीन वर्षं चालणारा मेंब्रेन लवकर निकामी होतो. बोअरवाल्यांना गाळापेक्षा क्षाराचा त्रास, त्यांचा मेसेज निराळा.

एक गोष्ट मात्र ते स्वतःहून बोलत नाहीत. नळाचा टीडीएस ५०० च्या आत असेल तर (भारतीय मानकातली स्वीकार्य मर्यादा तीच) क्षारासाठी आरओ लागतोच असं नाही, बहुतेक घरी फिल्टर आणि यूव्ही (जंतू मारणारा दिवा) पुरतं. पण मग मेंब्रेन कुणाला विकणार!

पाचपैकी एक स्टार कापला तो दोन कारणांनी. दुकानाच्या वहीत गिऱ्हाइकाचा एकच नंबर असतो, बहुधा पावती ज्यांच्या नावावर त्या साहेबांचा. ते कुपवाडच्या एमआयडीसीत शिफ्टला, टाकी किती वेळात भरते हे त्यांना काय ठाऊक? ‘घरी विचारून सांगतो’ म्हणतात आणि विषय तिथेच संपतो. पैशांसाठी एक आणि स्वयंपाकघरासाठी एक, असे दोन नंबर घ्यायला काय हरकत आहे? दुसरं, पोरगा बाऊल आवळत असतानाच मोबाईलवर स्टार द्यायची लिंक येते. बाऊलची रिंग पिळली गेली असेल तर थेंब-थेंब गळती तासाभराने, कधी रात्री दिसते. विचारायचंच तर दुसऱ्या दिवशी विचारावं, अकराच्या सुमारास. दुपारी एक ते चार सांगलीत कुणी फोन उचलत नाही.

एएमसी तीन प्रकारची आहे: नुसती सर्व्हिस, फिल्टरसह आणि मेंब्रेनसह. नळवाल्यांनी मधली घ्यावी. मेंब्रेनसह घेणं बोअरचा टीडीएस ८००-९०० च्या पुढे असेल तरच परवडतं. पावतीवर ‘मेंब्रेन एक नग, ७५ जीपीडी’ असं स्पष्ट लिहून घ्या. नुसत्या ‘ऑल पार्ट्स’मध्ये पंप, एसएमपीएस (वीज पुरवणारा ॲडॉप्टर) आणि सोलेनॉइड व्हॉल्व्ह (पाणी चालू-बंद करणारी विजेवरची झडप) धरलेत की नाही, यावर पुढे हमखास वाद होतो. काढलेला मेंब्रेनही मागून घ्या, ते कुरकुर न करता देतात. रिन्यूअलचा फोन मुदतीच्या आधी महिनाभर येतो, तेव्हा कार्डाचा फोटो पाठवून मगच हो म्हणा. गणपतीच्या आठवड्यात बोलावू नका, पोरं सुट्टीवर असतात.