१० बाय ५०चा बायनॉक्युलर: नागपुरातल्या मानेवाड्याच्या गच्चीवरून दीड वर्ष

साडेसहा हजारांचा बायनॉक्युलर. ब्रँड लिहीत नाही, कारण पहिला नग सदोष निघाला आणि बदलून मिळालेला उत्तम. दोन्ही एकाच कंपनीचे, मग नाव सांगून काय उपयोग?

पहिल्यातून रात्री चित्रा ताऱ्याकडे बघितलं तर दोन चित्रा, एकीच्या डोक्यावर दुसरी. दोन नळ्या एका रेषेत नव्हत्या. दुकानदार म्हणाला, "भाऊ, दिवसा त बरोबर दिसून राहिलं ना!" दिवसा दिसतंच, झाडाच्या फांद्या डोळा सांभाळून घेतो, ताऱ्याचा ठिपका सांभाळता येत नाही. म्हणून दुसऱ्या वेळी संध्याकाळी गेलो, दुकानाबाहेर फुटपाथवर उभं राहून गुरूवर लावून पाहिला आणि मगच घरी आणला.

१० बाय ५० म्हणजे दहापट मोठं दिसतं आणि पुढची भिंगं ५० मिलिमीटरची. भागाकार ५, तेवढ्या मिलिमीटरचा प्रकाशाचा झोत डोळ्यात येतो. माझं वय ५२. अंधारात बाहुली सात मिलिमीटरपर्यंत उघडायचे दिवस गेले, म्हणून ७ बाय ५० घेतला नाही. दृश्य साडेसहा अंशांचं, म्हणजे तेरा पूर्णचंद्र एका ओळीत मावतील. शनीची कडी यातून दिसत नाहीत, त्या आशेने घेऊ नका. गुरूचे चार चंद्र दिसतात, पण हात थरथरला नाही तरच. सोबत मिळालेला ट्रायपॉडचा प्लास्टिक जोड दोन महिन्यांत तुटला. आता बाजेवर आडवा होतो, छातीवर लोड ठेवतो आणि त्यावर कोपरं टेकवतो. उन्हाळ्यात रात्री अकरापर्यंत स्लॅब भाजत असतो, तरी बाजेवर बरं असतं. पावसाळ्यात काचांना बुरशी लागू नये म्हणून बायकोचा पापडाचा हवाबंद डबा घेतलाय, सिलिका जेलच्या पुड्या टाकून. त्याबद्दल घरी अजून ऐकतो.

घेताना वहीत एकच ध्येय होतं: फ्रेंच खगोलनिरीक्षक मेसिएच्या यादीतले ११० पिंड (तारकागुच्छ, तेजोमेघ, दीर्घिका), यातून दिसतील तेवढे. ५२ खुणा झाल्या. त्यातल्या बऱ्याचशा पेंचच्या बाजूला जाऊन; २०२४च्या जानेवारीत आपलं पेंच देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा अंधार जपलेलं ठिकाण, ठरलं, ते उगाच नाही. त्रिकोण तारकासमूहातली एम ३३ (मेसिएच्या यादीतली ३३वी) दीर्घिका गच्चीवरून दोन हिवाळे शोधली, काही नाही. तिकडे पहिल्याच रात्री दिसली, काचेवर वाफ बसावी तशी.

पण ध्येय बदललं ते मागच्या मेमध्ये, घरच्याच गच्चीवर. रात्री दहाला चित्रा दक्षिणेला उंच होती. तिच्या सरळ खाली, हात लांबवून साडेतीन मुठी (एक मूठ म्हणजे साधारण दहा अंश) मोजल्या आणि बायनॉक्युलर लावला. मिहान-बुटीबोरीकडच्या पिवळट उजेडातही एक गोल, मऊ, कापसाच्या बोंडासारखा पुंजका: ओमेगा सेंटॉरी हा ताऱ्यांचा गोल गुच्छ. इथून तो २१ अंश वर येतो. मेसिए पॅरिसहून बघायचा, तिथे तो कधी उगवतच नाही, म्हणून त्याच्या यादीत नाही. मग मी वहीच्या मागच्या पानावर दुसरी यादी सुरू केली, पॅरिसहून न दिसणाऱ्या आणि नागपुरातून दिसणाऱ्या पिंडांची. वृश्चिकाच्या शेपटीतला एनजीसी ६२३१ हा तारकागुच्छ झाला. मार्चमध्ये आयसी २३९१ हा आणखी एक गुच्छ झाला. तो १६ अंशांवरच, शेजारच्या पाण्याच्या टाकीला घासून गेला.

सेंटॉरस ए दीर्घिका राहिलीय. ओमेगाच्या साडेचार अंश वर, म्हणजे दोन्ही एकाच दृश्यात मावतात, पण ती फार फिकी. समोरच्या काकूंना आत्ताच सांगून ठेवलंय: मेमध्ये अमावास्येच्या आसपास साडेनऊ ते साडेदहा जिन्यावरचा दिवा बंद. त्या म्हणाल्या, "चोर आला त तूच पकडजो."