पुदिना सावलीत वाळवावा की मशीन घ्यावं?

पुदिन्याच्या चार कुंड्या एकदम फोफावल्या की डिहायड्रेटरच्या, म्हणजे पाला वाळवायच्या मशीनच्या, जाहिराती बघायचा मोह होतो. त्याआधी कॅलेंडर बघा. नाशिकची हवा दिवाळीनंतर कोरडी होते ती मेपर्यंत. तेवढे महिने सावली हेच काम फुकटात करते.

दव उडालं की सकाळीच खुडा, फुलं यायच्या आत. धुतलात तर पंच्यावर पाणी नीट टिपा. जुन्या सुती साडीवर एकेरी पसरा, वरून ओढणी टाका, वारा खेळेल अशा खोलीत ठेवा. एप्रिलात माझा पुदिना दोन दिवसांत होतो, थंडीत चार-पाच लागतात. काडी नुसती वाकली तर अजून ओल आहे. कट्कन मोडली की झाला. निफाडकडे बेदाणासुद्धा शेडच्या सावलीत, जाळ्यांवरच वाळवतात की!

उन्हात लवकर होतं, पण पाला पिवळा पडतो आणि वास निम्मा उडून जातो. गच्चीतलं ऊन मी कुरडयांसाठी राखून ठेवते.

मायक्रोवेव्ह मूठभर कढीपत्त्यापुरता झकास. कोरडी पानं कागदी रुमालाच्या दोन घड्यांमध्ये ठेवून 30-30 सेकंद फिरवायची, दर वेळी उघडून बघायची. रंग हिरवागार राहतो. एक फेरी जास्त झाली की मात्र जळका वास, आणि कागद पेटायची भीती. समोरून हलू नका.

मशीनची खरी गरज पावसाळ्यात. ऑगस्टमध्ये जेवणाच्या टेबलावर पसरलेला माझा पुदिना तिसऱ्या दिवशी काळा पडला, वास ओल्या गवताचा. तेव्हा जून ते सप्टेंबर भरपूर पाला निघत असेल, तरच पैसे घाला. घेताना तापमान 40 अंशांपर्यंत खाली आणता येतं का, ते आधी विचारा. त्याहून फार वर गेलं की पुदिना-तुळशीतलं सुगंधी तेलच उडतं, मग उरतो नुसता चुरा.

कोथिंबीर कशातच वाळवू नका. वाटून बर्फाच्या ट्रेत गोठवा.

बरणी भरल्यावर आठवडाभर रोज बघा. काचेला आतून वाफ धरली तर सगळं पुन्हा साडीवर. आणि चटणी-रायत्यात टाकताना हात आखडता ठेवा: ताजा तीन चमचे लागत असेल, तिथे वाळलेला एकच पुरतो.