पेल्टियर मॉड्यूल टीईसी१-१२७०६: नागपूरच्या मे महिन्यात कितपत चालतं?

४० बाय ४० मिमीची पांढरी चौकोनी चकती, वीज दिली की एका बाजूची उष्णता ओढून दुसऱ्या बाजूला नेणारी. आत बिस्मथ टेल्युराइडच्या १२७ जोड्या. हा पदार्थ वीज चांगली वाहतो, उष्णता मात्र फारशी जाऊ देत नाही, म्हणूनच एक बाजू गार नि दुसरी तापलेली राहते.

डेटाशीटवर (उत्पादकाच्या माहितीपत्रकावर) दोन बाजूंच्या तापमानातला फरक ६५ अंशांच्या पुढे दिसतो, पण तो गार बाजूवर उष्णतेचा काहीच भार नसताना. नागपुरात खोलीच ४२ अंशांवर असते, तिथे छोट्या हीटसिंकवर (उष्णता हवेत सोडणाऱ्या धातूच्या पात्यांच्या ठोकळ्यावर) निराशाच होईल. पंख्यासह मोठा हीटसिंक घ्याच, कारण ओढलेली उष्णता आणि १२ व्होल्टवर खाल्लेले सुमारे ५० वॅट दोन्ही त्यालाच बाहेर फेकायचे असतात. चकती नि हीटसिंकमधली उष्णता वाहणारी थर्मल पेस्ट अगदी पातळ लावा. स्क्रू आळीपाळीने, सारखे आवळा. एकीकडे दाब पडला की सिरॅमिक तडकतं.

हीटसिंकशिवाय क्षणभरही वीज देऊ नका, आतलं सोल्डर वितळतं. पावसाळ्यात गार बाजूवर पाणी धरतं, तेव्हा कडा सिलिकॉनने बंद करा. सतत चालू-बंद करणारा थर्मोस्टॅट टाळा, सांधे तुटतात.

औषधांच्या छोट्या डब्यासाठी ठीक. खोली गार करायला अजिबात नाही, तिथे कूलरच. फुटलेली चकती घासू नका, आतल्या बिस्मथ टेल्युराइडची धूळ अपायकारक असते.