उठावाचा पृथ्वीगोल : हिमालय हाताला लागतो, अंटार्क्टिका लागत नाही

पुण्यातील अप्पा बळवंत चौकातल्या शालेय साहित्याच्या एका दुकानातून घेतलेला हा १२ इंची, उठावाचा पृथ्वीगोल. मराठी नावे, आत दिवा, भक्कम लाकडी बैठक आणि सुबक छपाई. देश आणि राजधान्या पाठ करून घ्यायच्या असतील तर तक्रारीला जागा नाही. मात्र हवामानबदल शिकवण्यासाठीही तो उपयुक्त असल्याचे खोक्यावर छापले आहे, आणि नेमका तेथेच तो उणा पडतो.

हिमालयावरून बोट फिरवले की उंचवटे जाणवतात. अंटार्क्टिका मात्र तुळतुळीत आहे. वास्तविक सरासरी उंचीत तोच सर्वांत उंच खंड, कारण सुमारे १ कोटी ४० लाख चौरस किलोमीटरवर पसरलेल्या त्याच्या हिमस्तराची सरासरी जाडीच २ किलोमीटरच्या आसपास आहे. तो सगळा वितळला तर जगभरची समुद्रपातळी जवळपास ५८ मीटरने चढेल. ध्रुवाभोवतीचा भाग तर आसाच्या स्क्रूवरील पितळी टोपीखाली झाकला गेला आहे.

याहून गंभीर दोष रंगाचा आहे. ग्रीनलंडचा हिमस्तर आणि आर्क्टिकमधील तरंगता बर्फ दोन्ही एकाच पांढऱ्या रंगात दाखवले आहेत. ग्रीनलंडचा बर्फ जमिनीवरचा. तो संपूर्ण वितळल्यास समुद्र सुमारे ७ मीटर वाढेल. तरंगता बर्फ वितळल्याने पातळीत जवळजवळ फरक पडत नाही, पण ताज्या हिमाने झाकलेला बर्फ ८० टक्क्यांहून अधिक ऊन परतवतो आणि तो नाहीसा झाला की खालचे काळसर पाणी तेच ऊन शोषून घेते, त्यामुळे पाणी तापून आणखी बर्फ वितळतो. त्याची सीमा येथे एकाच तुटक रेषेने दाखवली आहे, महिना न देता! आर्क्टिकमध्ये हा बर्फ मार्चमध्ये सर्वाधिक पसरतो, सप्टेंबरमध्ये सर्वांत आक्रसतो, आणि १९७९ पासूनच्या उपग्रह नोंदींनुसार सप्टेंबरमधील त्याचे क्षेत्र दर दशकाला सुमारे १२ टक्क्यांनी घटत आले आहे.

सागरी प्रवाहांचे लाल-निळे बाण देखणे आहेत, पण नॉर्वेपाशी पोहोचून ते नुसते थांबतात. उत्तर अटलांटिकच्या त्या टोकाला पाणी थंड व जड होऊन खोल बुडते. दक्षिणेकडे अंटार्क्टिकालगतच्या वेडेल आणि रॉस समुद्रांत पाणी गोठताना मीठ बाहेर टाकले जाते व ते खारट, जड पाणी महासागरांच्या तळाशी पसरते. उष्णता आणि कार्बन डायऑक्साइड खोलवर पोहोचण्याचा हा मोठा मार्ग आहे. माणसाने सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी जो महासागर शोषतात, त्यातील सुमारे ४० टक्के अंटार्क्टिकाभोवतीच्या एकट्या दक्षिण महासागरात जातो. गोलावर त्या महासागराचे नावच नाही. ‘मैत्री’ आणि ‘भारती’ ही अंटार्क्टिकावरील आपली संशोधन केंद्रेही नाहीत. मान्सूनच्या अभ्यासासाठी पाषाणला स्वतंत्र संस्था असलेल्या शहरात विकल्या जाणाऱ्या वस्तूत ही उणीव विशेष खटकते.

घरच्या अभ्यासासाठी गोल जरूर घ्यावा. शाळेसाठी घेणाऱ्यांनी मात्र सोबत ध्रुव मध्यभागी असलेला भिंतीवरचा नकाशाही मागावा, आणि वेडेल व रॉस समुद्रांची नावे त्यावर आहेत का, हे दुकानातच उलगडून पाहावे.